वॉन्टन रॅपरच्या कपांचा तळ मऊ पडतोय, मदत हवी आहे

विकतचे वॉन्टन रॅपर (मैद्याच्या पातळ चौकोनी पाऱ्या) मफिन ट्रेमध्ये दाबून बसवते आणि ओव्हनमध्ये भाजून त्यांचे छोटे कप करते. आत मका, चीज आणि परतलेले मशरूम. कडा सुरेख सोनेरी होतात, पण तळ चिवटच राहतो, आणि सारण भरल्यावर अर्ध्या तासात पार लिबलिबीत.

गोठलेले रॅपर फ्रीजमध्ये सावकाश नरम होऊ दिले, दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवला, १८० अंशांवर आधी रिकामेच भाजले. जास्त वेळ ठेवले तर तळ होण्याआधी कडा करपतात. ट्रे खालच्या कप्प्यात ठेवून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मशरूमचं पाणी पूर्ण आटवलेलं असतं, तेव्हा दोष सारणाचा नसावा.

तळायचे नाहीत (तळले तर प्रश्नच मिटतो, माहीत आहे!). एअर फ्रायर नाही. रॅपर मुद्दाम बिनअंड्याचे आणलेत, त्यामुळे अंड्याचा पांढरा भाग लावायचा उपाय नको.

पाहुणे संध्याकाळी येणार आहेत, रिकामे कप सकाळीच करून ठेवायचेत. ट्रे उलटा करून त्याच्या पाठीवर रॅपर भाजले तर तळ कुरकुरीत होईल का? आणि भरण्याआधी तळाला काय लावलं तर तासभर तरी टिकतील?