परजीवी खरंच प्राण्याला ‘चालवतो’ की ते नुसतं आजारपण असतं?

काठावरचा:
गॅमॅरसबद्दल विचारायचंय. पाण्यातला बोटाच्या पेराएवढा कवचधारी प्राणी, कोळंबीचा लांबचा नातेवाईक, एरवी तळाशी दगडाखाली नाहीतर कुजलेल्या पाल्यात दडून असतो आणि उजेड दिसला की पळतो. पण त्याच्या अंगात काटेरी डोक्याच्या कृमीची अळी वाढली की तोच उलटा उजेडाकडे जायला लागतो, मग कोणीतरी पक्षी किंवा मासा त्याला गट्ट करतो आणि कृमीला पुढचं घर मिळतं. जिकडे वाचावं तिकडे ‘झोंबी’, ‘मेंदूचा ताबा’ हेच. मला प्रश्न असा पडतो की आजारी प्राणी तसाही सुस्त होतो, त्याला नीट लपता येत नाही, तो खाल्ला जाणारच ना? मग हे परजीवीनेच घडवलंय हे कशावरून ठरवतात?

पाणवनस्पती:
प्रश्न एकदम योग्य आहे आणि याचं उत्तर शोधायला लोकांनी बरीच वर्षं घातलीत. माझ्या मते सगळ्यात पटणारा पुरावा बेथेल आणि होम्स यांच्या 1973 च्या कामात आहे. गॅमॅरसची जात एकच, गॅमॅरस लॅकस्ट्रिस, आणि त्यात दोन जवळच्या नात्यातले कृमी. पॉलिमॉर्फस पॅराडॉक्सस असेल तर तो प्राणी पार पृष्ठभागाशी येतो आणि जरा डिवचलं तर खाली पळायच्या ऐवजी पाणवनस्पतीला घट्ट चिकटून बसतो. या कृमीला जायचं असतं मॅलार्ड बदकात, मस्करॅट नावाच्या पाण्यात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यात, म्हणजे जे पाण्याच्या वरच्या थरात खातात त्यांच्यात. दुसरा पॉलिमॉर्फस मॅरिलिस, त्याची लागण झालेला प्राणी उजेडाकडे येतो खरा पण पृष्ठभागाला चिकटून राहत नाही, आणि या कृमीला हवी असतात बुडी मारून खाणारी बदकं! नुसती अशक्तपणाची गोष्ट असती तर दोघांत वागणं सारखंच बिघडलं असतं, असं ज्याच्या त्याच्या सोयीने नसतं बिघडलं.

शिवाय अळी पुढच्या प्राण्यात जगण्याइतकी तयार होईपर्यंत हा बदल दिसतच नाही. आणि 1990 मध्ये हेल्युई आणि होम्स यांनी निरोगी गॅमॅरसला सेरोटोनिन, म्हणजे मज्जासंस्थेत निरोप पोचवणारं रसायन, टोचलं तर तेही तसेच चिकटून बसायला लागले, म्हणजे वागण्यामागची केमिस्ट्री कुठे आहे त्याचा धागा तिथे मिळाला.

रात्रपाळी:
वेळेचा मुद्दा आलाच आहे तर कोपेपॉड बघा. हे सूक्ष्म कवचधारी, यांच्यात शिस्टोसेफॅलस नावाच्या पट्टकृमीची अळी वाढते आणि पुढे तिला स्टिकलबॅक माशात जायचं असतं. सुरुवातीला अळी कच्ची असते, तेव्हा माशाने कोपेपॉड खाल्ला तर अळीही मेली, आणि नेमकं तेव्हाच कोपेपॉडची हालचाल कमी होते, म्हणजे माशाच्या नजरेत येण्याची शक्यताही कमी. साधारण दोन आठवड्यांनी अळी तयार झाली की तोच कोपेपॉड जास्त हलायला लागतो. हाफर आणि मिलिन्स्की यांनी 2015 च्या प्रयोगात एकाच कोपेपॉडमध्ये एक कच्ची आणि एक तयार अशा दोन अळ्या ठेवल्या, कच्चीच्या दृष्टीने हालचाल कमी राहायला हवी, तयार अळीला उलट हवं, आणि तयार अळीचंच चाललं. आधी दाबून ठेवायचं आणि मग उसळवायचं हे नुसत्या आजारपणाने कसं होईल मला सांगा.

खडकाळ:
पुरावे मान्य आहेत पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लागण झालेला प्राणी नेहमी ‘योग्य’ भक्षकाच्याच तोंडी जातो असं नाही, चुकीच्या भक्षकानेही खाल्ला की तिथे परजीवीचा खेळ खलास. दुसरं, एखादी गोष्ट आधी नुसता साइड इफेक्ट असू शकते आणि तिचा परजीवीला फायदा झाला की पुढच्या पिढ्यांत टिकते, म्हणून ‘आजारपण की डाव’ अशी सरळ रेष मारायला गेलं की फसायला होतं. जमिनीवरच्या कवचधारींचं बघा ना, आर्माडिलिडियम, ते अंगाचा गोळा करणारे वुडलाउस. जॅनिस मूर यांनी 1983 मध्ये दाखवलं की काटेरी डोक्याच्या कृमीची लागण झाली की ते ओलसर जागा आणि आडोसा सोडून उघड्यावर, फिकट जमिनीवर जास्त दिसतात, आणि स्टारलिंग पक्षी त्यांना उचलतात. यात पाण्याचा तोल बिघडणं किती आणि खास डाव किती हे वेगळं काढणं खूप अवघड काम आहे, तरी ज्याने पक्ष्याचं पोट गाठायचंय त्या कृमीचं काम त्यातून होतंच.

खेकडाप्रेमी:
सॅक्युलिना विसरू नका कोणी! इथे खेकड्याला कोणी खाणं गरजेचंच नाही, उलट तो जगलाच पाहिजे. हा परजीवी स्वतः बार्नॅकलच्या, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या त्या शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला, म्हणजे तोही कवचधारीच. मादीची अळी खेकड्याच्या अंगात शिरते, झाडाच्या मुळांसारखी आतून सगळीकडे पसरते, आणि नंतर पोटाखाली, जिथे खेकडीण अंडी धरते बरोब्बर त्याच जागी, परजीवीची पिल्लं असलेली पिशवी बाहेर येते. खेकडा नपुंसक होतो, कवच टाकणं थांबतं, आणि नर असला तरी त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि तो ती पिशवी स्वतःची अंडी असल्यासारखी स्वच्छ करतो, अळ्या सोडायच्या वेळी पाणीसुद्धा हलवतो. मादीचं ठीक आहे, पण नराने परक्याच्या पिल्लांची काळजी घेणं हे कुठल्या अशक्तपणात बसवणार? मला तर हे वाचून पहिल्यांदा झोप लागली नव्हती.

काठावरचा:
दोन अळ्यांच्या प्रयोगाने माझं समाधान झालं, खूप आभार. एकच राहिलं, हे परजीवी मेंदूतच बसतात का?

पाणवनस्पती:
सगळे नाही. मायक्रोफॅलस पॅपिलोरोबस्टस हा चपटा कृमी गॅमॅरस इन्सेन्सिबिलिस या जातीच्या मेंदूतच गाठ करून बसतो, दक्षिण फ्रान्सच्या खाजणांमध्ये यावर भरपूर काम झालंय. पॉलिमॉर्फस मात्र शरीराच्या पोकळीत असतो, मेंदूला हातही लावत नाही. आणि तरी दोन्हीकडे प्राणी वर, पक्ष्यांच्या टप्प्यातच येतो.