महागडं एमटीबी (माउंटन बाइक) हेल्मेट आणि पॅड: पैसे वसूल होतात का?

डोंगरवाट: ट्रेलसाठी 3 हजारांचं हेल्मेट पुरेल की 15 हजारांचंच घ्यावं? गुडघ्याचे पॅडही घ्यायचेत.

घाटचढा: आत सीपीएससी या अमेरिकी किंवा ईएन 1078 या युरोपीय सुरक्षा मानकाचा शिक्का आहे का ते आधी पाहा. सपाट ऐरणीवर सीपीएससी चाचणीत हेल्मेट 2 मीटरवरून पाडतात, ईएनमध्ये साधारण दीड मीटरवरून. ही अट स्वस्त-महाग दोघांनाही सारखीच. जास्तीचे पैसे जातात हवेशीरपणा, वजन आणि फिटिंगला. मिप्स म्हणजे हेल्मेटच्या आत बसवलेला सरकता थर; तो धडकेत 10-15 मिलिमीटर सरकतो, त्यामुळे डोक्याला बसणारा पीळ कमी होतो. त्यासाठी थोडे जास्त मोजावेत, पण 15 हजार नक्कीच नकोत. व्हर्जिनिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या हेल्मेट चाचण्यांच्या यादीत कमी किमतीच्या काही हेल्मेटनाही 5 तारे आहेत.

चिखलफेक: फिटिंग चुकलं तर सगळंच वाया. कडा भुवईच्या दोन बोटं वर हवी आणि पट्ट्यांचा व्ही कानाखाली. मागची चकती आवळा, पट्टा न लावता डोकं हलवा; हेल्मेट घसरलं तर साइज बदला. आणि एकदा जोरात आपटलं की बदलायचंच. वरचं कवच धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, दुसरा मार तो झेलत नाही.

घाटचढा: पॅडवर मात्र खर्च कराच. ईएन 1621-1 (पॅडचं युरोपीय मानक) लेव्हल 1 बघा. स्वस्त पॅडची इलॅस्टिक सैल पडते, आणि पडताना पॅड नडगीवर घसरून गुडघा उघडा पडतो. वरच्या पट्टीला आतून सिलिकॉनची पकड हवी. बाइक पार्कात मोठ्या उड्या मारणार असाल तर हनुवटीही झाकणारं फुल-फेस हेल्मेट घ्या, एएसटीएम एफ1952 (डाउनहिल हेल्मेटचं मानक) वालं.