प्रमाण बदललं की काढा बदलतो
चिनी काढा म्हणजे हाताला लागतील त्या मुळ्या उकळायच्या, हे मत मला अजिबात पटत नाही. चीनमधल्या प्राचीन हान राजवटीतले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ग्वेई झी तांग या सर्दी-तापावरच्या काढ्याचंच उदाहरण बघा. त्या परंपरेत दालचिनीच्या कोवळ्या फांद्या राजा, म्हणजे मुख्य औषध, घाम आणून थंडी बाहेर काढणाऱ्या. पांढरा पिओनी (एका फुलझाडाची मुळी) मंत्री, म्हणजे राजाचा मदतनीस, घाम आवरणारा. दोघांचं वजन अगदी सारखं! पिओनी दुप्पट केला की तोच काढा पोटदुखीवर देतात. आलं आणि १२ चिनी बोरं पोट सांभाळतात, भाजलेलं ज्येष्ठमध सगळ्यांचं जुळवून आणतं. वर गरम पातळ पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचं. अंग जेमतेम ओलसर व्हावं. घामाच्या धारा लागल्या तर आजार हटत नाही, असं मूळ सूचनेतच आहे.