ड्रायव्हर कॉन्ट्रॅक्टर आहे म्हणून ट्रक कंपनी सुटते का? (अमेरिका)

प्रश्न: भावाच्या गाडीला हायवेवर ट्रकने मागून ठोकलं, पाय मोडलाय त्याचा. ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव आणि डीओटी नंबर (सरकारी वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) आहे, पण कंपनी म्हणते ड्रायव्हर आमचा नोकर नाही, ट्रकपण त्याचाच, त्याच्याशी काय ते बघा. असं चालतं का?

उत्तर १: इतकं सोपं नाहीये ते. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालला होता का ते आधी बघा, तसं असेल तर फेडरल नियम ३९०.५ मध्ये ट्रक चालवणारा इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टरसुद्धा एम्प्लॉयीच धरलाय, आणि ट्रक कंपनीला लीजवर दिलेला असेल तर तेवढा काळ ताबा नि जबाबदारी कंपनीची, ३७६.१२ वाचा.

उत्तर २: पण सगळी कोर्टं सारखं बघत नाहीत हां. ट्रिप संपवून ड्रायव्हर स्वतःच्या कामाला निघालेला का, यावरून बरेच वाद होतात.

उत्तर ३: वकिलाकडून आजच प्रिझर्व्हेशन लेटर (पुरावे जपून ठेवा, नष्ट करू नका असं कंपनीला सांगणारं पत्र) पाठवा प्लीज!! ड्रायव्हरच्या तासांचे लॉग कंपनीला ६ महिनेच ठेवावे लागतात, नंतर गेले की गेले. आणि राज्याबाहेर साधा माल भाड्याने नेणाऱ्या मोठ्या ट्रकला किमान ७,५०,००० डॉलरचं विमा कव्हर लागतं, त्यामुळे एकट्या ड्रायव्हरच्या पॉलिसीवर सेटल करू नका.