उ: कुठली संघटना बरी?
"संघटना कुठलीही असो, कराटे ते कराटेच," असं या प्रश्नावर वर कुणी म्हटलंय, ते काही पटत नाही. बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या क्लासात आमची लेक जेकेए (जपान कराटे असोसिएशन) पद्धतीचं शिकली. एक इप्पॉन (पूर्ण गुण) किंवा दोन वाझा-आरी (अर्धे गुण), की लढत संपली. त्यामुळे तिला नेमक्या संधीची वाट बघत उभं राहायची सवय. डब्ल्यूकेएफच्या (वर्ल्ड कराटे फेडरेशन) नियमांनी पहिल्यांदा खेळली, तेव्हा समोरची पोरगी ठोशाठोशाला युको, म्हणजे एकेक गुण, वेचत गेली. ही आपली उभीच!

डब्ल्यूकेएफमध्ये डोक्यावरच्या लाथेला 3 गुण, पण जोर आवरायला हवा. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत 2021 साली 4-1 ने पुढे असलेला सौदीचा तारेग हमेदी अशाच लाथेमुळे बाद झाला आणि आडवा पडलेल्या इराणच्या गंजजादेहला सुवर्ण मिळालं. क्योकुशिन या पूर्ण ताकदीने मारायच्या कराटे प्रकारात याच लाथेने हमेदी जिंकला असता. तिथे बंदी आहे ती हाताने तोंडावर मारायला.