मेकॅनिकल विभागाची वाढ मोजायची कशी?
वर कुणीतरी लिहिलंय की मेकॅनिकल डिपार्टमेंटची प्रगती म्हणजे किती पेपर छापून आले आणि किती नवीन मशीन्स आली. मान्य आहे, पण मला वाटतं मशीनला हात कोण लावतं ते आधी बघावं. थ्रीडी प्रिंटिंगचंच घ्या ना, अमेरिकन संशोधक चक हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचं (म्हणजे प्रकाशाने द्रव रेझिन थराथराने घट्ट करून वस्तू बनवायच्या पद्धतीचं) पेटंट १९८६ ला मिळालं, नंतर प्लास्टिकची तार वितळवून थर रचायची पद्धत आली, तिचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि मग प्रिंटर भराभर स्वस्त झाले. आता तो बहुतेक विभागांना परवडतो, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी स्वतः डिझाइन केलेला ब्रॅकेट छापला, टेन्साइल टेस्टला (ओढून ताकद तपासायला) लावला, तो दोन थरांच्या मधेच तुटला आणि मग थरांची दिशा बदलून परत छापला तर ताकद दिशेवर अवलंबून असते हे ती जन्मात विसरत नाहीत! फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग कार बनवायच्या स्पर्धेच्या) टीमचंही तेच, तीही हाताने करूनच शिकते, तिथे नुसत्या वेगाला नाही तर डिझाइन आणि खर्चाच्या हिशोबालाही मार्क असतात. आणि हो, वर्कशॉपमधल्या अनुभवी टेक्निशियन लोकांचं नाव अशा यशात आवर्जून यायला हवं, लेथवर पहिला कट घ्यायला तेच शिकवतात.