हळदी वाजवणाऱ्याला हाऊस-टेक्नोचा सेट करायचाय, नवीन काय घेऊ?

बोनकोडेकर:
मंडळी, आठ वर्षं घणसोली-दिवा पट्ट्यात हळदी वाजवतोय. आता भाचा मागे लागलाय, "मामा, आमच्या पार्टीला तूच वाजव, पण कोळीगीतं नकोत. हाऊस-टेक्नो पाहिजे, ते क्लबातलं इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक." तुर्भ्याला गाळा मिळालाय, सात ते दहा, साठेक पोरं. बीटपोर्ट या डीजेंच्या गाणी विकणाऱ्या साइटचा टॉप हंड्रेड उघडला, वीस ट्रॅक ऐकले, एकही लक्षात राहिला नाही. अंडरग्राउंडमधलं, अलीकडचं, पण नाचवणारं सांगा.

घोडबंदरची_रात्रपाळी:
दादा, चार्ट सोडा, लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) धरा. एक ट्रॅक आवडला की त्या लेबलचं बाकीचं ऐकायचं. बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार-लेबलं थेट गाणी विकतात त्या साइटवर, फॉलो केलं की नवीन आलेलं मेलवर कळतं. खरेदी बँडकॅम्प फ्रायडेला करा, त्या दिवशी कंपनी स्वतःचा वाटा सोडते.
सुरुवातीला हाऊसवाल्या केरी चँडलरचा अल्बम ‘स्पेसेस अँड प्लेसेस’, २०२२. वेगवेगळ्या क्लबांत बसून तिथल्याच सिस्टिमवर केलेले ट्रॅक आहेत, बेस कसा बसवलाय ते ऐकाच. गर्दी तापली की फ्लोअरप्लॅन, म्हणजे डेट्रॉइटचा रॉबर्ट हूड आणि त्याची मुलगी लिरिक. २०१९चा ‘सुपरनॅचरल’ घ्या. टेक्नोच, पण अंगात चर्चमधल्या गाण्याची ऊब.
म्युनिकचं इलियन टेप हे लेबल माझं लाडकं, पण तिथे तुटक ब्रेकबीट बराच. पहिल्याच सेटला नको.

सानपाडा_सबवूफर:
एक राहिलं. आपल्याकडच्या पोरांचे पाय कोळीगीताच्या सहा-आठच्या झुलत्या ठेक्यावर घडलेत. सरळ चार ठोक्यांची किक (बेस ड्रम) लावली की अर्धी पोरं मोबाइल काढतात. पहिला अर्धा तास हाय-हॅट (छोटी झांज) झुलते असे हाऊस ट्रॅक लावा, मिनिटाला १२२ ठोक्यांच्या आसपास. पाय सुटले की हळूहळू १३०ला न्या. थेट १४० लावाल तर गाळ्यात तुम्ही आणि भाचाच उराल.

बोनकोडेकर:
झुलणाऱ्या हॅटचं एकदम पटलं! काल एका मांडवात साउंड चेकला दोन ट्रॅक लावून बघितले. लॅपटॉपवर भारी वाटलेल्याला खाली बेसच नाही, नुसता टॉप किंचाळतोय. केरीचा लावला तर खुर्च्या मांडणारा पोरगा चार खुर्च्या डोक्यावर घेऊन तसाच मान हलवत उभा. केटररने हाक मारली तेव्हा हलला.

तलावपाळी८२:
नवीन मागितलंय, तरी मध्ये घुसतो. आपल्या मुंबईचे चरणजित सिंग, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’, १९८२. रोलंड कंपनीचं ३०३ बेस सिंथ आणि ८०८ ड्रम मशीन घेऊन राग वाजवलेत. २०१० मध्ये परत निघाला तेव्हा जगाला कळलं.

सानपाडा_सबवूफर:
कळलं, आणि लोक लगेच म्हणायला लागले की ॲसिड हाऊस, म्हणजे त्याच ३०३च्या किरकिरत्या आवाजाचं हाऊस, मुंबईत जन्मलं. तसं नाही हो. शिकागोच्या पोरांनी स्वतःच्या बळावर केलं, त्यांना या रेकॉर्डचा पत्ताही नव्हता. पण नऊच्या सुमाराला एक ट्रॅक जरूर लावा, राग भैरव.

घोडबंदरची_रात्रपाळी:
आणि पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. भाड्याचे जुने सीडीजे (डीजेचे प्लेअर) एक्स-फॅट फॉरमॅट वाचत नाहीत. मी एकदा भरल्या हॉलमध्ये वीस मिनिटं केबल शोधल्याचं नाटक केलंय.

बोनकोडेकर:
आत्ता बघितला, एक्स-फॅटच निघाला. दोन पेन ड्राइव्ह करतो. दहाला पाच कमी असताना शेवटचा ट्रॅक मात्र कोळीगीतच लागणार, भाच्याला अजून सांगितलं नाहीये.